संवेदनशील क्षेत्रातील बांधकाम आणि ग्रामपंचायतीची जबाबदारी

सह्याद्रीच्या रांगा, कोकणचा किनारा आणि अभयारण्यांच्या भोवतालचा प्रदेश या भागांत गेल्या साडेतीन दशकांमध्ये जमिनीच्या वापरावर अनेक बंधने आली आहेत. ही बंधने घालणाऱ्या अधिसूचना केंद्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध होतात आणि त्यांचे नकाशे जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या ठिकाणी तयार होतात. परंतु ज्या जागेवर घराचा पाया खणला जाणार असतो, त्या जागेविषयीची पहिली विचारणा बहुधा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात होते. तेथे ग्रामसेवक, सरपंच किंवा एखादा सदस्य जे उत्तर देतो, त्यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. पाया खणण्यापूर्वी नकाशा पाहिला गेला, तर नियमाचा उपयोग जमिनीलाही होतो आणि घर बांधणाऱ्यालाही होतो. इमारत उभी राहिल्यानंतर तो पाहिला गेला, तर नोटिसा, दावे आणि मनस्ताप एवढेच पदरी पडते. त्याची झळ बहुतेक वेळा ज्याने आयुष्याची पुंजी त्या घरात घातली, त्यालाच सर्वाधिक पोहोचते.

म्हणूनच या नियमांची पार्श्वभूमी काय, ते कोणत्या क्षेत्रांना लागू होतात, त्यांत स्थानिक रहिवाशांना काय करता येते आणि पंचायतीने कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार येथे केला आहे.

जमीन संवेदनशील कशामुळे ठरते?

‘पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र’ हा शब्दप्रयोग कायद्यातील असला, तरी त्यामागील कारणे डोळ्यांनी पाहता येण्याजोगी आहेत. महाबळेश्वरचे पठार हे त्याचे उत्तम उदाहरण होय. या पठारावर वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पठाराच्या माथ्यावर जांभा दगडाचा सच्छिद्र थर असून त्याखाली काळा कातळ आहे. पावसाचे पाणी जांभ्यात मुरते, कातळावर येऊन थांबते आणि जेथे हे दोन थर डोंगराच्या कडेला उघडे पडतात तेथे झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम येथे मानले जातात. डोंगरउतारावरील अनेक वस्त्या उन्हाळ्यात अशाच झऱ्यांवर अवलंबून असतात.

आता या माथ्यावर दाट बांधकाम झाले तर काय घडते? फरशी, सिमेंट आणि डांबर यांनी झाकलेल्या जागेत पाणी मुरत नाही. ते गटारांतून वेगाने उतारावर धावते आणि मातीही वाहून नेते. खोल विंधन विहिरींमधून उपसा झाल्यास जे पाणी झऱ्याला जावयाचे ते वरच काढून घेतले जाते. शौचालयांच्या शोषखड्ड्यांतील दूषित पाणी त्याच सच्छिद्र दगडातून झऱ्यापर्यंत पोहोचू शकते. माथ्यावर बांधणाऱ्यास याची जाणीव असतेच असे नाही, कारण परिणाम त्याच्या अंगणात दिसत नाहीत. ते खालच्या वाडीतील पाणवठ्यावर दिसतात.

उताराच्या जमिनीचे कारण याहून निराळे आहे. डोंगराच्या पायथ्याशी सपाट जागा मिळावी म्हणून उतार कापला, की वरच्या मातीचा आधार जातो. पावसाळ्यात पाणी मुरून ती माती जड होते आणि तिची पकड सुटते. नैसर्गिक ओढा बुजविला किंवा वळविला तर पाणी नको त्या जागी साचते. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण, २२ जुलै २०२१ रोजी रायगड जिल्ह्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच जिल्ह्यातील इर्शाळवाडी येथे दरडी कोसळून मोठी मनुष्यहानी झाली. या तिन्ही दुर्घटनांच्या वेळी अतिवृष्टी चालू होती. तेथील ग्रामस्थ पिढ्यान्‌पिढ्या त्या जागी राहत होते, त्यामुळे त्यांना दोष देण्याचे काहीच कारण नाही. मात्र उतारावरील नवे घर कोठे उभे राहते, हा प्रश्न केवळ निसर्गसौंदर्याचा नसून माणसांच्या जिवाचा आहे, ही गोष्ट या घटनांनी सर्वांसमोर ठेवली आहे.

किनाऱ्यावर हेच काम वाळूचे टेकाड आणि खाडीतील कांदळवन करते. तिवरांच्या मुळांत गाळ अडतो, लाटांचा जोर मोडतो आणि मासे व कोळंबीच्या पिलांना आसरा मिळतो. भराव टाकून ही जागा बुजविली, तर भरतीचे पाणी दुसरी वाट शोधते. ती वाट बहुधा सखल वस्तीतून किंवा खारभूमीच्या शेतातून जाते.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रात जमिनीच्या वापराचे नियोजन प्रामुख्याने ‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६’ या कायद्यानुसार होते. त्याखाली प्रादेशिक योजना व विकास योजना तयार होतात आणि कोणती जमीन शेतीसाठी, कोणती निवासासाठी व कोणती हरित विभागात हे ठरते. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात जमिनीचा वापर बदलण्यासाठी वा विकास करण्यासाठी या अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे परवानगी आवश्यक असून ग्रामीण भागात ती जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळते. गावातील इमारतींच्या उभारणीवर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ अन्वये पंचायतीचेही नियंत्रण आहे.

या चौकटीवर ‘पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६’ या केंद्रीय कायद्याची दुसरी चौकट बसविलेली आहे. या कायद्याच्या कलम ३ प्रमाणे एखाद्या क्षेत्रात उद्योग किंवा अन्य प्रक्रिया यांवर बंदी वा निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र शासनास आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने या अधिकाराचा वापर प्रारंभीच्या काळातच झाला. ६ जानेवारी १९८९ च्या अधिसूचनेने मुरूड-जंजिरा परिसरात रेवदंडा खाडीपासून श्रीवर्धनजवळील देवगड टोकापर्यंत भरतीरेषेपासून १ किलोमीटरच्या पट्ट्यात, पर्यटनाशी संबंधित वगळता, उद्योगांना मनाई करण्यात आली. २० जून १९९१ रोजी डहाणू तालुका, १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणी आणि ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान व त्याचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. डहाणूबाबत पुढे सर्वोच्च न्यायालयात प्रकरण जाऊन १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले.

या दोन चौकटींचा परस्परसंबंध नीट समजून घेणे आवश्यक आहे. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतांश भागासाठी एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. तीमुळे चटईक्षेत्र, सामासिक अंतरे, इमारतीची उंची आदी बाबींत एकसूत्रता आली. परंतु केंद्र शासनाने अधिसूचित केलेली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे आणि गिरिस्थान नगरपरिषदा यांना या नियमावलीच्या कक्षेतून वगळण्यात आले. अर्थात शेजारच्या तालुक्यात जे चालते, ते संवेदनशील क्षेत्राच्या हद्दीतही चालेल असे गृहीत धरणे चुकीचे आहे. वास्तुशास्त्रज्ञांनी इतरत्र मंजूर झालेला नकाशा तसाच येथे सादर करावा आणि पंचायतीने त्याला ना हरकत द्यावी, हा प्रकार म्हणूनच टाळावयास हवा.

डोंगराळ क्षेत्रांचे नियम

महाबळेश्वर-पाचगणी आणि माथेरान यांच्या अधिसूचनांचा साचा साधारण सारखा आहे. राज्य शासनाने संपूर्ण क्षेत्रासाठी विभागीय बृहत् आराखडा तयार करावयाचा, त्यात झरे, पाणलोट, वने, उतार व वारसास्थळे दाखवावयाची आणि देखरेखीसाठी सनियंत्रण समिती नेमावयाची, अशी त्यांची मूळ रचना आहे. फळबागा, शेती, उद्याने, मोकळ्या जागा यांसारख्या हरित वापराखालील जमीन बांधकामाकडे वळवू नये, हा त्यातील मुख्य दंडक होय. झऱ्यांच्या पाणलोटाचे संरक्षण करावे, भूजलाचा उपसा जागेवरील रहिवाशाच्या घरगुती गरजेपुरताच असावा व त्याची विक्री होऊ नये, धूप होणाऱ्या तीव्र उतारांवर विकास करू नये, खाणकामास आळा घालावा, वृक्षतोड परवानगीशिवाय होऊ नये, अशा तरतुदीही त्यांत आहेत. माथेरानचे क्षेत्र सुमारे २१५ चौरस किलोमीटर असून त्याभोवती २०० मीटरचा संरक्षक पट्टा आहे. त्यामुळे ‘माथेरानचे नियम माथेरानलाच’ हा पायथ्याच्या काही गावांतील समज वस्तुस्थितीला धरून नाही.

उताराच्या बाबतीत संवेदनशील क्षेत्राबाहेरही नियम आहेतच. पाच मीटर आडव्या अंतरात एक मीटर किंवा त्याहून अधिक चढ असलेल्या जमिनीवर खोदकाम, सपाटीकरण व बांधकाम यांस राज्याच्या विकास नियंत्रण नियमांत मनाई आहे. हे प्रमाण मोजावयास मोठ्या यंत्राची गरज नाही. एक दोरी, पाणसळ आणि मोजपट्टी यांच्या साहाय्याने गावातील गवंडीही प्राथमिक अंदाज सांगू शकतो. अंतिम निर्णय अर्थातच सक्षम अधिकाऱ्याचा असतो.

पश्चिम घाटाच्या व्यापक संवेदनशील क्षेत्राविषयी गावोगाव बरीच चर्चा होते. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये आणि डॉ. के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने २०१३ मध्ये अहवाल दिले. त्यानंतर १० मार्च २०१४ रोजी पहिली आणि ३१ जुलै २०२४ रोजी सहावी प्रारूप अधिसूचना प्रसिद्ध झाली. प्रारूपात खाणी, नवीन औष्णिक वीजप्रकल्प, अतिप्रदूषणकारी उद्योग तसेच २० हजार चौरस मीटर वा त्याहून अधिक क्षेत्राची बांधकामे यांवर निर्बंध सुचविले आहेत. अस्तित्वातील राहत्या घरांची प्रचलित नियमांनुसार दुरुस्ती, वाढ वा नूतनीकरण करण्यास मज्जाव नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. ‘घराचे कौलही बदलता येणार नाही’ अशी जी भीती घातली जाते, तिला प्रारूपाच्या मजकुरात आधार सापडत नाही.

अभयारण्यांच्या सभोवती

राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांच्या सीमेलगतही संवेदनशील क्षेत्रे घोषित करण्यात येतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतालच्या क्षेत्राची अधिसूचना ५ डिसेंबर २०१६ रोजी निघाली. सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२२ रोजी प्रत्येक संरक्षित वनाभोवती किमान १ किलोमीटरचे असे क्षेत्र असावे, असा आदेश दिला होता. तो सरसकट लागू केल्यास गावकऱ्यांना साधे घर बांधणेही कठीण होईल, हे निदर्शनास आल्यानंतर २६ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने त्यात बदल केला. त्यामुळे ज्या उद्यानाची वा अभयारण्याची स्वतंत्र अधिसूचना आहे, तेथे त्या अधिसूचनेतील हद्द पाहावी लागते. ती काही ठिकाणी शंभर मीटर असेल, तर काही ठिकाणी अनेक किलोमीटर.

या अधिसूचनांतील एक तरतूद पंचायत सदस्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी. सीमेपासून १ किलोमीटर किंवा संवेदनशील क्षेत्राची हद्द यांपैकी जे जवळ असेल तेथपर्यंत नवीन व्यापारी बांधकामास सर्वसाधारणपणे मनाई असते. तथापि स्थानिक लोकांना स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या वापरासाठी बांधकाम करण्याची मुभा दिलेली असते. म्हणजे स्थानिकांनी राहावयाचे घर आणि विक्रीसाठी वा भाड्यासाठी उभारलेला बंगल्यांचा समूह यांत नियम स्वच्छ फरक करतो.

किनाऱ्याचे नियम

सागरी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी, दुसरी ६ जानेवारी २०११ रोजी आणि तिसरी १८ जानेवारी २०१९ रोजी निघाली. तिसऱ्या अधिसूचनेच्या सवलती किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यानंतरच मिळतात. समुद्राच्या बाजूस भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत हे नियमन चालते. २०१९ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेनुसार जेथे लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक आहे, तेथे भरतीरेषेपासून ५० मीटर आणि उर्वरित ग्रामीण भागात २०० मीटर ना-विकास क्षेत्र असते. खाडीच्या काठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी असेल ते अंतर धरले जाते.

भरतीरेषा म्हणजे गावकऱ्यांनी दाखविलेली पाण्याची खूण नव्हे. मान्यताप्राप्त संस्थेने आखून आराखड्यावर दाखविलेली रेषाच ग्राह्य धरावी लागते. गट नंबर त्या आराखड्यावर उतरविल्याखेरीज अंतराविषयी कोणतेही विधान करणे धोक्याचे आहे.

ना-विकास क्षेत्रातही अस्तित्वातील अधिकृत घराची दुरुस्ती वा पुनर्बांधणी करता येते. मात्र चटईक्षेत्र, जोत्याचे क्षेत्र व घनता वाढता कामा नये. किनाऱ्यावरील पारंपरिक समाजांना, त्यात मच्छीमार बांधवही आले, २०० मीटरच्या पट्ट्यात भरतीरेषेपासून १०० ते २०० मीटर या भागात राहत्या घरासाठी नियमाधीन परवानगी मिळू शकते. स्थानिकांना राहत्या घराचे जोते, रचना व दर्शनी भाग न बदलता पर्यटकांची निवासव्यवस्था करण्याची वाटही अधिसूचनेने मोकळी ठेवली आहे. ३०० चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराचा प्रस्ताव किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या शिफारशीविना संबंधित स्थानिक प्राधिकारी मंजूर करू शकतो. परंतु मंजुरीपूर्वी प्रस्ताव अधिसूचनेच्या दृष्टीने तपासणे त्याच्यावर बंधनकारक आहे. ही सवलत मिळाली म्हणून तपासणी टळली असे नव्हे. उलट ती तपासणी गावाच्या जवळ आली आहे.

कांदळवनाबाबत महाराष्ट्रात अधिक काटेकोर भूमिका आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयात जमिनीची मालकी कोणाचीही असली तरी कांदळवनाचा नाश करण्यास मनाई केली आणि त्याच्या सभोवती ५० मीटरच्या आत बांधकाम करण्यास व राडारोडा टाकण्यास प्रतिबंध केला. सातबारा खाजगी आहे म्हणून तिवरे तोडता येतात, हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही.

एक गट, दोन अर्ज

हे नियम प्रत्यक्षात कसे लावावेत, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, महाबळेश्वर तालुक्यातील एका गावात एकाच गट नंबरच्या दोन हिश्श्यांसाठी दोन अर्ज आले. पहिला अर्ज गावातच वाढलेल्या शेतकऱ्याचा आहे. दोघे मुलगे विभक्त झाल्याने त्याला धाकट्यासाठी शेतातच चार खोल्यांचे घर हवे आहे. दुसरा अर्ज दोन वर्षांपूर्वी शेजारचा हिस्सा विकत घेतलेल्या मालकाचा असून त्याला बारा खोल्यांचे निवासगृह उभारावयाचे आहे. दोन्ही जमिनी शेतीच्या आहेत आणि दोघांची कागदपत्रेही पूर्ण आहेत.

अधिसूचनेनुसार हरित जमिनीचा वापर बदलण्यास मनाई आहे. तीत मोजका अपवाद आहे तो विद्यमान स्थानिक लोकसंख्या आणि तिची नैसर्गिक वाढ यांच्या निवासाच्या गरजेचा. पहिला अर्ज या अपवादात बसण्याची शक्यता आहे, दुसरा बसत नाही. दुसऱ्यास नकार देताना मालकाशी वैर धरल्याचा आरोप पंचायतीवर येऊ नये, यासाठी अधिसूचनेतील नेमका परिच्छेद उत्तरात नमूद करावा. पहिल्याचेही काम तेथेच संपत नाही. जागा तीव्र उतारावर आहे काय, जवळ झरा वा ओढा आहे काय, शोषखड्डा त्यापासून किती अंतरावर येईल, एकही झाड तोडावे लागणार आहे काय, हे पाहावयास हवे. कदाचित त्याच शेतात वीस मीटर वर वा खाली घर सरकविल्याने झरा वाचेल आणि मुलाची सोयही होईल. असा सल्ला देण्यास पंचायतीइतकी योग्य संस्था दुसरी नाही, कारण पावसाळ्यात कोठे पाणी फुटते हे सदस्यांना ठाऊक असते.

नेहमी होणारे गैरसमज

ग्रामीण भागात काही कागदांना परवानगी समजण्याची पद्धत पडून गेली आहे. जमीन अकृषिक झाली, की वाटेल ते बांधता येते असे अनेकांना वाटते. परंतु तो महसूल कायद्याचा प्रश्न आहे, त्याने संवेदनशील क्षेत्राचे निर्बंध दूर होत नाहीत. ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत, म्हणजे नमुना नंबर ८ मध्ये नोंद झाली, की घर अधिकृत झाले असेही मानले जाते. ही नोंद कर वसूल करण्यासाठी असते. वीजजोडणी आणि नळजोडणी यांचेही तसेच आहे. गावठाणातील लहान घरांसाठी शासनाने वेळोवेळी परवानगीची पद्धत सुलभ केली आहे, मात्र राज्य पातळीवरील सवलत केंद्रीय अधिसूचनेतील मनाई उठवू शकत नाही. अर्ज केल्यापासून ६० दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाल्याचे मानण्याची नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ मधील तरतूद अनेकदा पुढे केली जाते. ही मानीव परवानगी नियमात बसणाऱ्या बांधकामापुरतीच असते.

पर्यावरण अधिनियमाखालील शिक्षेच्या तरतुदी १ एप्रिल २०२४ पासून बदलल्या असून आता उल्लंघनाबद्दल १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तथापि दंड भरला म्हणून बांधकाम नियमित होते असे नाही.

मरडूचा धडा

पंचायतीने दिलेली एक परवानगी किती दूरवर जाते, हे केरळमधील मरडू येथील प्रकरणावरून दिसून येते. कोचीलगतच्या या गावात त्या वेळी ग्रामपंचायत होती. २००६ च्या सुमारास तिने खाडीकाठच्या बहुमजली निवासी इमारतींना बांधकाम परवाने दिले. किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची संमती मात्र घेतली गेली नव्हती. इमारती पूर्ण झाल्या, सदनिका विकल्या गेल्या, कुटुंबे राहावयास आली आणि प्रकरण न्यायालयांतून वर्षानुवर्षे चालत राहिले. अखेर ८ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. ११ व १२ जानेवारी २०२० रोजी चार गृहसंकुले स्फोटकांच्या साहाय्याने जमीनदोस्त करण्यात आली. सदनिकाधारकांना प्रत्येकी २५ लाख रुपये अंतरिम भरपाई राज्य शासनाने द्यावी आणि ती बांधकाम व्यावसायिक व जबाबदार व्यक्तींकडून वसूल करावी, असेही न्यायालयाने फर्माविले. परवाना देतेवेळी संमतीपत्राची मागणी झाली असती, तर चौदा वर्षांनंतरची ही वेळ आली नसती.

पंचायतीने काय करावे?

पहिले काम माहिती गोळा करण्याचे आहे. आपल्या गावास लागू असलेल्या अधिसूचनेची प्रत, तिचे मराठी भाषांतर आणि नकाशा पंचायतीच्या कार्यालयात असावा. गावातील कोणते गट नंबर संवेदनशील क्षेत्रात, ना-विकास क्षेत्रात, कांदळवनाच्या पट्ट्यात वा तीव्र उतारावर येतात, याची यादी नगररचना, भूमी अभिलेख व वन खात्यांच्या मदतीने तयार करून घ्यावी आणि ती फलकावर लावावी. जमीन विकत घेऊ इच्छिणाऱ्यास व्यवहारापूर्वीच ती दिसली, तर पुढचे अनेक तंटे निर्माणच होणार नाहीत.

दुसरे काम ग्रामसभेचे आहे. प्रारूप अधिसूचना निघाली, की हरकती व सूचनांसाठी साधारणपणे ६० दिवसांची मुदत असते. या मुदतीत गावाची वस्ती नकाशावर चुकीची दाखविली आहे, गावठाणाची वाढ विचारात घेतलेली नाही, पाणवठा वगळला गेला आहे, अशा ठोस सूचना गट नंबरांसह पाठविल्या तर त्यांचा विचार होऊ शकतो. ‘आमचे गाव वगळा’ एवढाच ठराव पाठविल्याने फारसे साध्य होत नाही. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याने विशेष स्थान दिले असल्याने तेथे ही जबाबदारी अधिकच वाढते.

तिसरे काम नित्याच्या देखरेखीचे आहे. आलेल्या प्रत्येक अर्जाची जागा प्रत्यक्ष पाहून त्याची नोंद ठेवावी. उत्तर लेखी द्यावे आणि कारणासह द्यावे. यंत्राने उतार कापण्याचे वा खाडीत भराव टाकण्याचे काम सुरू झालेले दिसताच तहसीलदारांस कळवावे, कारण चार दिवसांच्या भरावाविषयी जे करता येते ते तीन मजल्यांच्या इमारतीविषयी करणे अत्यंत कठीण असते. एका धनिकाच्या कुंपणाकडे दुर्लक्ष आणि कोळ्याच्या पडवीला नोटीस, असा भेद झाला तर नियमावरील लोकांचा विश्वास उडतो. पंचायतीने या बाबतीत विशेष सावध राहावयास हवे.

शिक्षकांनाही या कामात वाटा उचलता येईल. गावातील झरे, ओढे व उतार यांचा नकाशा विद्यार्थ्यांकडून तयार करून घेता येईल. कोणता झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, याची नोंद पाच-सहा वर्षे सातत्याने ठेवल्यास एखाद्या अर्जाच्या वेळी ती पंचायतीच्या फार उपयोगी पडेल. भूगोलाच्या पुस्तकातील जांभा आणि पाणलोट हे शब्द विद्यार्थ्यांना आपल्याच शिवारात भेटतील, हा लाभ निराळाच.

संवेदनशील क्षेत्राचे नियम गावाच्या वाढीच्या आड येतात, ही तक्रार सर्वस्वी निराधार नाही. आराखडे वेळेवर तयार झाले नाहीत, नकाशे गावापर्यंत पोहोचले नाहीत आणि साध्या घराच्या प्रस्तावालाही महिनोन्‌महिने लागले, तर सामान्य माणूस परवानगीचा नादच सोडून देतो. म्हणून शासकीय खात्यांनी उत्तरे वेळेत देणे हेही नियमपालनाइतकेच महत्त्वाचे आहे. परंतु स्थानिक कुटुंबाच्या राहत्या घराला या बहुतेक अधिसूचनांत जागा ठेवलेली आहे, हे विसरता कामा नये. ती जागा कोणती आणि किती, हे नकाशा समोर ठेवून अर्जदाराला पाया खणण्यापूर्वी सांगणे, एवढे जरी प्रत्येक पंचायतीने कटाक्षाने केले, तरी डोंगरावरचा झरा आणि त्याच्या खालच्या वाडीतील घर या दोहोंचेही रक्षण होईल.